व्यायामशाळेचे लोखंड आणि कृष्णातची ढाल

मी, सोमशेखर सोमलिंग माळगे, वय ६१, व्यवसाय शरीरसौष्ठव प्रशिक्षक, मूळचा हुपरीचा, सध्या राहणार मंगळवार पेठ, कोल्हापूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. हृदयाने दोनदा दगा दिला आहे, म्हणून ही घाई.

१. राहते घर पत्नी शांतव्वा हिला. तिच्या पश्चात मुलगी शांभवी हिला. माझा धाकटा भाऊ शशिधर याने उंबऱ्याच्या आत पायही टाकू नये, हक्क सांगणे दूरच. कारण पुढे आहे.

२. घरामागची पत्र्याची व्यायामशाळा आणि आतले सगळे लोखंड शांभवीला. निम्म्या प्लेटा मी फौंड्रीत कामाला असताना सुट्टीच्या दिवशी स्वतः ओतल्या आहेत. सोळा वर्षांची असताना ती म्हणाली होती, "आप्पा, मलाबी शिकवा की." मी तिला पोरांदेखत हाकलले. ती आता चौतीस वर्षांची आहे आणि माझ्याशी कामापुरते बोलते. तिने सगळे भंगारात घातले तरी माझी हरकत नाही.

३. शशिधरला काही नाही. १९९४ साली जिल्हा स्पर्धेला तीन दिवस उरले असताना माझा सर्वांत तयार गडी विजयसिंह याच्या पिशवीत मला अंग फुगवायची इंजेक्शने सापडली. "कुठनं आणलीस?" म्हणून विचारले, तर म्हणाला, "सर, तुमच्याच भावाच्या मेडिकलमधनं." मी शशिधरकडे गेलो. तो गल्ल्यावरून उठलासुद्धा नाही. म्हणाला, "आण्णा, मी न्हाय दिली तर दुसरा कोण तरी देतोयच की." त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोललो नाही. आईच्या तेराव्यालाही नाही.

४. विजयसिंहला मी त्याच संध्याकाळी हाकलले. तो दुसऱ्या जिमच्या नावावर उतरला आणि पहिला आला. साऱ्या पेठेने मला येड्यात काढले. आज त्याची काचेची एसी जिम आहे आणि भिंतीवर 'आमचे गुरुवर्य' म्हणून माझा फोटो आहे. तो फोटो उतरवावा. माझ्या तिरडीला त्याने खांदा देऊ नये, श्रद्धांजलीचे डिजिटल बोर्ड लावू नयेत. लावलेच तर शांभवीने फाडावेत.

५. लोक म्हणतात, मी पोरांसाठी झिजलो. खोटे आहे. १९६९ साली राज्य स्पर्धेला माझी निवड झाली होती. घरी चांदीच्या पैंजणांचा धंदा; निघायच्या दिवशी वडिलांनी दाराला कुलूप घातले. "पैंजणं काय तुझा बा एकटा घडवणार व्हय?" मी दिवसभर आत चांदी ठोकत बसलो. तिकडे स्टेजवर माझे नाव तीनदा पुकारले, असे नंतर कळले. ते नाव मला पुन्हा पुकारून घ्यायचे होते. त्यासाठी मी वीस वर्षे दुसऱ्यांची अंगे घडवली.

६. आता कृष्णात. राधानगरीकडचा, घरी दोन म्हशी आणि आई बनाबाई. १९९८ साली माझ्याकडे आला. पोरगा मन लावून मेहनत करायचा, पण दोनदा चौथा आला. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "विजयसिंह बघ कुठं हाय आणि तू बघ." पुढच्या चार महिन्यांत त्याचे खांदे फुगले, पाठीवर पुरळ उठले, आवाज घोगरा झाला, बारीकसारीक गोष्टीवरून तो अंगावर यायला लागला. मी ते सगळे पाहिले. त्याच्या पिशवीला हात लावला नाही. विजयसिंहची पिशवी उघडणारा मीच, आणि कृष्णातच्या पिशवीकडे पाठ करून उभा राहिलेलाही मीच. मला जिंकायचे होते. २००० साली तो जिल्ह्यात पहिला आला, बक्षिसाची ढाल मिळाली आणि माझे नाव माइकवरून पुकारले गेले. पुढच्या वर्षी त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. तेविसाव्या वर्षी पोरगा संपला.

माती आटोपल्यावर बनाबाईंनी विचारले, "सर, तुमास्नी ठावं हुतं?" मी म्हणालो, "न्हाय."

या कलमात मी आधी असे लिहिले होते की, माझ्या मृत्यूनंतर हा मजकूर बनाबाईंना वाचून दाखवावा. कच्चा मसुदा वाचून वकील संयोगिता घोरपडे म्हणाल्या, "सर, मेल्यावर कबूल करायला काय लागतंय? जित्ते हाय तवर जावा की." ते मला फार लागले. पण मी गेलो.

दिनांक १२ नोव्हेंबर रोजी राधानगरीच्या एसटीने जाऊन बनाबाईंना सांगितले, "मला ठावं हुतं. मी खोटं बोललो." त्या शेण गोळा करत होत्या. हातातले शेण त्यांनी पाटीत टाकले. मग म्हणाल्या, "त्येची ढाल तुमच्याकडं हाय न्हवं? ती आणून द्या. आणि परत ह्या वाटंला येऊ नका."

ढाल व्यायामशाळेच्या कपाटात होती. तिच्यावर वर माझ्या व्यायामशाळेचे नाव मोठ्या अक्षरांत आणि खाली कृष्णातचे बारीक. मी कानस घेऊन वरचे नाव घासून काढले. दुसऱ्या दिवशी ढाल त्यांच्या सोप्यात ठेवली आणि पाणीही न मागता परत फिरलो. सबब ती ढाल माझ्या मिळकतीत धरू नये.

यापूर्वीचे कोणतेही मृत्युपत्र नाही. वरील मजकूर मी वाचला, खरा आहे, आणि त्याखाली साक्षीदारांसमक्ष सही केली आहे.

सही : सोमशेखर सोमलिंग माळगे

साक्षीदार :
१) आकाराम पिराजी चौगुले, निवृत्त फौंड्री कामगार
२) डॉ. सोमनाथ बसाप्पा शेटे

ठिकाण : कोल्हापूर
दिनांक : १८ नोव्हेंबर २००६