कपाटातली बाई

१२ जानेवारी, सोमवार. सकाळी आठ.

आजपासून रोजनिशी. मी बोलायचं, फोन लिहिणार. नातीने, अवनीने, लावून दिलं. मला अक्षरओळख नाही, तेव्हा हे वाचणारं कोणी नाही, मीसुद्धा नाही. यापेक्षा गुप्त काय असतं.

मुलगा विघ्नेश आणि सूनबाई संजना पहाटे साडेपाचलाच गाडी काढून दुबईला ऑफिसात गेले. अर्धा तास उशिरा निघालं तर ट्रॅफिकमध्येच आठ वाजतात म्हणे. अवनी शाळेत. दुबईला लागूनच्या गावात, अल नहदाच्या या अठराव्या मजल्यावर मी एकटी. म्हणजे घर माझ्याच जिवावर चाललंय.

व्हिसा एकतीसपर्यंत. काल विघ्नेशला म्हटलं, मी आता इथेच राहते, देवगडला मला कोण आहे. तो म्हणाला, आई, घरात बेडरूम दोन, तू किती दिवस हॉलमध्ये सोफ्यावर झोपणार. अवनी तिच्या खोलीत तुला जागा देत असेल तर बघू. विचारतो तिला, इन्शाल्ला.

म्हणजे झालंच. नातीला पटवायचं, एवढंच काम. एकोणीस दिवस पुष्कळ झाले.

१३ जानेवारी, मंगळवार.

अवनी नववीत आहे. माझ्याशी रोज दोन वाक्यं बोलते. हाय आजी, बाय आजी. बाकी वेळ टीव्हीवर गेम. बंद पडलेली कसली तरी लॅब, काळोख, त्यात एकटी बाई आणि सगळीकडे डायनासोर. म्हटलं, ही तर घोरपड गं, जरा अंगाने भरलेली. आमच्या परसात यायची. केरसुणीने हाकललीय मी.

अवनी म्हणाली, आजी, इट्स अ रॅप्टर. म्हटलं, असेल, आडनावाने काय होतंय. हसली. हसली म्हणजे अर्धी खोली मिळाल्यात जमा.

ठराव: गेम शिकायचा. गेम खेळणाऱ्या आजीला हॉलमध्ये कोण झोपवेल.

१५ जानेवारी, गुरुवार.

अवनीने शिकवलं. दहा मिनिटं, पण मनापासून. खेळून झालं की आपला गेम एका खणात ठेवायचा. असे खण दोनच. वरचा तिचा, खालचा माझा. वाचता येत नाही तर चित्र बघायचं. बाई जिथे असेल तिथलं चित्र खणावर येतं. अवनीच्या खणावर दीपगृह आहे. दीपगृह म्हणजे जवळजवळ शेवट. तिथवर पोचायला तिला तीन महिने लागले. आता शेवटचं मोठं जनावर राहिलंय आणि तिच्याकडे बंदुकीच्या गोळ्या सहाच. तिथे अडलीय.

मी आज अकरा वेळा मेले. त्यातल्या नऊ वेळा माझी चूक नव्हती. बटण कडक आहे.

१८ जानेवारी, रविवार.

इथे शाळेला आठवड्यात तीन दिवस सुट्टी. अवनीची मैत्रीण शुभ्रा आली होती. दोघी खेळत होत्या. मी मागे सोफ्यावर बसून सांगत होते, डावीकडे बघ, अगं डावीकडे. अवनी म्हणाली, आजी, प्लीज. इतक्या नम्रपणे कोणी मदत मागितली तर नाही कसं म्हणणार. शेवटपर्यंत सांगत राहिले.

२० जानेवारी, मंगळवार. दुपार.

मोठा शोध. लॅबमध्ये एक लोखंडी कपाट आहे. बाईला आत घातलं की जनावर बाहेरून हुंगतं आणि निघून जातं. आज तीन तास कपाटात. एकदाही मेले नाही. मध्ये उठून कुकर लावला, शिट्ट्या झाल्या, भात निवला. परत आले तर बाई जिवंत.

अवनी घरी आल्यावर दाखवलं. म्हणाली, बट आजी, कधीतरी बाहेर यावं लागतं ना. म्हटलं, का म्हणून. ती दप्तर उचलून खोलीत गेली. म्हणजे पटलं.

२२ जानेवारी, गुरुवार.

विघ्नेश माझा पासपोर्ट घेऊन गेला. व्हिसाचंच काम असणार. मी विचारलं नाही. मुलाला आपल्या तोंडाने सांगायची हौस असते.

संजना म्हणाली, आई, तुमच्या बॅगेचं चाक तुटलंय, नवी घेऊ. राहणाऱ्या माणसाला बॅग कशाला हवी. पण तिच्या मनात आहे तर घेऊ दे.

२६ जानेवारी, सोमवार. सकाळी दहा.

आज कामगिरी. अवनीकडे गोळ्या सहा. माझ्याकडे सुरुवातीला मिळाल्या त्या चौदा, चौदाच्या चौदा शाबूत. कपाटात बसणाऱ्याला खर्च नसतो. बेत असा की माझ्या खणातल्या गोळ्या तिच्या खणात घालायच्या. एका डब्यातली साखर दुसऱ्यात ओतायची, त्याला शिक्षण कशाला लागतं.

माझा गेम उघडला आणि वरच्या खणात ठेवायला गेले. मध्येच चौकोन आला. आत पुष्कळ अक्षरं, खाली दोन बटणं. डावीकडचं म्हणजे हो, हे अवनीनेच सांगितलंय. अक्षरांचं मी मनाला लावून घेत नाही. जन्मभर तलाठ्याने दाखवलं तिथे अंगठा लावला. एक आंब्याची बाग सोडली तर कुठे काही बिघडलं नाही.

दाबलं. दीपगृह गेलं, तिथे कपाट आलं. आता दोन्ही खणांवर कपाट. वीस गोळ्या. उद्या नात गळ्यात पडणार.

२७ जानेवारी, मंगळवार. दुपारी तीन.

अवनीने गेम लावला. बाई कपाटात. बंद करून परत लावला. कपाट. खालचा खण बघितला. तिथेही कपाट. मी म्हटलं, गोळ्या मोज ना.

ती म्हणाली, आजी, थ्री मंथ्स.

ओरडली नाही. ओरडली असती तर मीही दोन शब्द बोलले असते, बरं वाटलं असतं. खोलीत गेली. दारसुद्धा हळू लावलं.

साखर ओतली मी. आधीची कुठे गेली?

असू दे. या वयात राग दोन दिवस टिकतो. विघ्नेशने तिला खोलीचं आधीच विचारलं असेल तर बरं.

३० जानेवारी, शुक्रवार. सकाळी अकरा.

अवनी आपणहून बोलली, तेही मराठीत. आजी, मी पहिल्यापासून खेळणार आहे. शुभ्रापण खेळणार, तिला एक खण पाहिजे. तुझा डिलीट करू का, तू उद्या जातेस ना.

विघ्नेश आज रजा काढून घरीच होता, मी त्याच्याकडे बघितलं. तो फोनकडे बघत होता. म्हणाला, तिकीट गेल्या आठवड्यातच काढलं आई, सांगणारच होतो. म्हटलं, आणि खोलीचं? अवनीला विचारलंस? म्हणाला, पुढच्या वर्षी तिची दहावी आहे ना आई.

विचारलंच नव्हतं.

अवनी म्हणाली, व्हॉट रूम? मी म्हटलं, काही नाही गं, चालू दे तुझं.

टीव्हीवर तोच चौकोन आला. या वेळी आत काय लिहिलंय ते न वाचता कळलं. अवनी थांबली होती. म्हटलं, दे इकडे, मला येतं. डावीकडचं दाबलं.

बाई दहा दिवस आत होती. एक ओरखडा नव्हता अंगावर.

३१ जानेवारी, शनिवार. सकाळी नऊ.

अवनी झोपेतून उठून दारापर्यंत आली. बाय आजी म्हणाली. नवी बॅग चांगली आहे. चारही चाकं फिरतात.