साडेसातची गोळी

ती. वन्संना, गुडघे परवानगी देतील तेवढा वाकून नमस्कार.

कंबर कशी आहे? तुमच्या सूनबाईचा फोन आला होता. चार दिवस माझा सकाळचा निरोप आला नाही म्हणून तुम्ही रुसलात, आणि 'वहिनी विचारत नाही तोवर रक्तदाबाची गोळी घेणार नाही' म्हणून बसलात. माझा फोनही उचलत नाही, मग लिहिणं आलं.

वन्सं, मी विसरले नव्हते. माझ्या नातीने, भिंगरीने, घरच्या कॉम्प्युटरला नेमून दिलंय, की रोज सकाळी साडेसातला 'गोळी घेतली का?' असा आजीचा निरोप तुमच्या मोबाइलवर पाठवायचा. वर्षभर चुकला नाही (एवढं नेमाचं माणूस मी या घरात पाहिलं नाही, तुमच्या भावाचं तर सोडाच). गेल्या रविवारी तिने आतली आवराआवर काढली. कुणी कुठे शिरायचं, काय वाचायचं, याच्या तिथे परवानग्या असतात म्हणे, त्या तिने आवळल्या. सोमवारपासून निरोप बंद! गंमत म्हणजे ती स्वतः बटण दाबून माझ्या मोबाइलवर पाठवायची तर लगेच यायचा, साडेसातला मात्र सगळं गप्प. पण पोरगी चिडली नाही हो. सुईत दोरा ओवावा तशी एकेक ओळ तपासत होती. मी नुसती बघत राहिले.

शेवटी मी विचारलं, "अगं, साडेसातला पाठवतं कोण? तूच ना?"

"नाही आजी, ठरल्या वेळेच्या कामांना वेगळा गडी ठेवलाय असं समज. त्याला निरोपाची फाइल वाचायची परवानगी आहे."

"आणि खोलीत शिरायची?"

मला तुमचीच आठवण झाली. मी तुम्हाला कपाटाची किल्ली दिली आणि खोलीला कुलूप लावून लेकीकडे गेले, तुम्ही आठ दिवस किल्ली घेऊन बाहेर (अजून ऐकवता). भिंगरी एकदम ओरडली, "फोल्डर!" फाइल ज्या फोल्डरमध्ये, त्याचंच दार तिने परक्यांना बंद केलं होतं. बिचारा गडी रोज वेळेवर येऊन दाराशी उभा! तिने एक ओळ लिहिली आणि आज सकाळी निरोप सुटला. ऑफिसात सांगत सुटलीय, आजीने पकडलं म्हणून. मी चौथी शिकलेली, मला कुलपं तेवढी कळतात. डोकं तिचंच.

तुमची,
वहिनी

ता. क. खरं सांगते, निरोप मी रोज सांगत नव्हते. भिंगरीने एका दुपारी बसवून वर्षाचे सगळे माझ्याकडून वदवून घेतले. ('ऊन फार आहे, पाणी पीत जा' हा ऐन थंडीत आला, तो त्यामुळे.)

आणखी एक. रागावण्याआधी हे वाचा. निरोप बंद होते, त्या चारही दिवशी तुमचं 'घेतली' हे उत्तर सात एकतीसला न चुकता आलं. भिंगरी हसून लोळली. म्हणाली, तिकडेही गडी ठेवलाय! तुमचा नातू हुशार आहे हो, कौतुक वाटलं. पण वन्सं, वर्षभर तुमचा गडी आणि माझा गडीच बोलत होते, तर गोळी कोण घेत होतं? आता फोन उचला आणि स्वतःच्या तोंडाने सांगा.