हवेतली काच

१६ डिसेंबर, सोमवार

नोकरीचा पहिला दिवस, आणि स्वारी खुशीत! अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या जुन्या कारखान्यामागच्या शेडमध्ये आमची प्रयोगशाळा आहे. शेजारचे माग दिवसभर असे खडखडतात की कपातला चहाही थरथरतो.

काम सांगायला सोपं. काळ्या फॉस्फरसचा खडा भाकरीसारखा पापुद्र्यांचा असतो. तो टेपला चिकटवायचा, टेपची घडी घालायची, ओढायची. पुन्हा घडी, पुन्हा ओढायची. शेवटी इतका पातळ पापुद्रा काचेवर उतरतो की नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही. त्याला हवा लागली की तो नासतो. कसा आणि किती दिवसांत, ते मी मोजायचं. आमच्या आईच्या कडक भाकऱ्या महिनाभर टिकतात आणि हा पठ्ठ्या पंधरा दिवसांत नासायला लागतो.

नायट्रोजन भरलेली एक मोठी काचपेटी आहे. तिच्यात बाहेरची हवा शिरत नाही, म्हणून तिथं काही नासत नाही. आत काम करायला तिला दोन लांब रबरी हातमोजे जोडलेत. आतल्या दाबानं ते बाहेर फुगून उभे राहतात. मी त्यांच्याशी शेकहँड केला, तेव्हा प्रयोगशाळेचे प्रमुख चनबसप्पा सरही हसले.

हजेरीच्या यंत्रात उजवा अंगठा नोंदवला, वणासकट. लहानपणी लोकर कातरताना आईची कातरी लागली होती, त्याचा तो आडवा वण. संध्याकाळी आईला फोन केला. म्हणाली, "भोगीला गड्ड्याच्या जत्रंला येतेच की. तुजं हापीस बी बघते."

१७ डिसेंबर

सरांचे वडील विणकर. नव्या माणसानं मागावरची पहिली गाठ उघड्या अंगठ्यानं मारायची आणि तेवढा धागा काढून टाकायचा, अशी त्यांच्याकडची रीत; पहिल्या गाठीत माणूस अडकून राहतो म्हणे. सर तीच इथं चालवतात. पहिली टेप हातमोज्याशिवाय ओढायची आणि फेकायची. "ती वापरायची नाही की हो," असं त्यांनी दोनदा बजावलं.

ओढली. अंगठ्याची वरची कातडी जराशी निघाली, ठसा वणासकट टेपवर आला. फेकण्याआधी सहज मायक्रोस्कोपखाली धरली आणि जीव हरखला. एवढा मोठा, सलग पापुद्रा! असला माल कचऱ्यात? आमच्या घरात शिळा तुकडासुद्धा टाकत नाहीत. सर जेवायला गेल्यावर मी त्याच टेपवरून दोन काचा केल्या; पापुद्र्याबरोबर ठसाही दोन्हींवर उतरला. एक पेटीत ठेवली, तुलनेला. एक उघड्या हवेत. दोन्हींवर "ऋतुजा" लिहिलं. सरांना बोलले नाही.

२३ डिसेंबर

हवेतल्या काचेवर बारीक थेंब धरलेत. ते धरणारच, पण या कोरड्या थंडीत निम्म्या वेळात? पेटीतली काच जशीच्या तशी आहे. संपलेली काच ॲसिटोननं पुसून पुन्हा वापरायची असते. माझी आणखी तीनेक आठवडे पुरेल असं वाटतं.

बोटांची टोकं सकाळपासून ओलसर आहेत. पुसली की पुन्हा ओली होतात. सर म्हणाले, ॲसिटोननं होतं, खोबरेल लाव.

२८ डिसेंबर

यंत्रानं चार वेळा अंगठा नाकारला. वॉचमन कल्लप्पामामांनी समजूत काढली. "मागवाल्यांचं बी असंच हुतंय ताई. रेघा झिजत्यात." बरं वाटलं.

दुपारी कॉम्प्युटरवर हजेरी उघडली. ऋतुजा, हजर, नऊ वाजून दोन मिनिटं. नऊ वाजता मी रिक्षात होते. यंत्राची चूक असेल.

२ जानेवारी

वण गेला.

वीस वर्षांचा वण. अंगठा लहान लेकरासारखा गुळगुळीत झालाय. पेटीतली काच पेटीतल्याच मायक्रोस्कोपखाली घेतली. ठशाच्या रेषा ठळक झाल्यात. मधोमध वण, आडवा आणि जाड. पापुद्रा झिजू शकतो, पण आपणहून वाढत नाही. हे मला शिकवलंय, मी परीक्षेत लिहिलंय.

मला भीती वाटते आहे. लिहून टाकलं.

६ जानेवारी

सरांनी कालच्या रीडिंगबद्दल शाबासकी दिली. काल रविवार होता, मी खोलीवर झोपून होते. वही पाहिली. अक्षर माझंच.

आज सगळं सांगायचं ठरवलं. फेकायची टेप मी वापरली, इथपर्यंत बोलले. सर पानं उलटत राहिले. मी पुन्हा मोठ्यानं बोलले. मग त्यांनी मान वर केली आणि विचारलं, कोण पाहिजे आपल्याला?

९ जानेवारी

पेटीतली काच बाहेर काढायची. तिलाही हवा लागू दे. दोघी सारख्या होऊ, एवढंच डोक्यात.

हातमोज्यांत हात घातले. रबर कोमट होतं. काचेपर्यंत बोटं नेली आणि आतून कोणीतरी अंगठा धरला. घट्ट. आत कोणी नाही, पेटीच्या काचेतून सगळं आरपार दिसतं, तरी —

ओढून काढला. नख मऊ झालंय.

११ जानेवारी

आईचा फोन. मी बोलतेय, ती नुसती "हॅलो, हॅलो". ठेवला. मग फोनमध्ये पाहिलं. सकाळचाही एक कॉल आहे, अकरा मिनिटांचा. मी उचललेला. मी उचलला नव्हता.

पण आई दोनशे मेंढरांतून आपलं कोकरू ओळखते. अंधारात, नुसत्या हातानं. मला ओळखेल. ओळखेलच. तिनं ओळखलं की मी घरी जाणार, ही नोकरी गेली खड्ड्यात.

दोन दिवस टिकायचं.

१३ जानेवारी, भोगी

हवेतल्या काचेवर एवढासा ठिपका उरलाय. पेन्सिल निसटते. दोन्ही हातांनी —

आई आली. फाटकात. डोक्यावर पदर, हातात भाकरीचं गाठोडं. धावले. हाक मारली. कल्लप्पामामा वळले नाहीत. आई माझ्या पलीकडं बघत होती. हसत —

मागं वळले. पेटीचं दार उघडं. हातमोजे रिकामे, लोंबतायत.

पेटीतली ती माझ्या बाजूनं गेली. अंगावर माझी ओढणी.

आईनं तिचा उजवा हात धरला. अंगठा चाचपला. वण सापडला. "अंग धरलंस गं बाय," म्हणाली आणि रडली. मी मध्ये उभी होते. आई, मी मध्ये —

आता दोघी आत आल्यात. ती आईला सगळं दाखवतेय. खडा, टेप, पेटी. आई लई कौतुकानं बघतेय.

तिनं माझी काच उचलली. उजेडाकडं धरली. आईला म्हणाली, ही संपली, पुसून ठेवते.

ॲसिटोनचा वास —

आई, मी टेबलाशी आहे. वहीकडं बघ. पेन्सिल हलतेय बघ. अंगठा नको गं चाचपू, इकडं ब