पानांची डावी कड

प्रिय ताई,

तुझा निरोप मिळाला. आईचं कपाट उघडायला मी यावं, असं तू म्हणतेस. येईन की नाही ते शेवटी लिहिते.

मी भरतकामाच्या वर्गाला जाते. हसू नकोस. शाळेत बाईंनी माझ्या रुमालाला पोतेरं म्हटलं होतं, ते मलाही आठवतंय. पण मला एकच टाका शिकायचा होता. आईचा, पान भरायचा. सांगायला सोपा आहे. टोकापासून मधल्या शिरेवर एक सरळ टाका घालायचा. मग एकदा या कडेने सुई वर काढून शिरेच्या जरा पलीकडे खाली न्यायची, एकदा त्या कडेने. टाके एकमेकांवर चढत जातात आणि शीर आपोआप उमटते. माझी पहिली पानं किडीनं खाल्ल्यासारखी झाली.

शिकायचं कारण तो उशीचा अभ्रा, आईनं भरलाय म्हणून तू शेवटी पाठवलेला. आईच्या जुन्या अभ्र्यांशेजारी ठेवला तेव्हाच खटकलं. आई प्रत्येक पान उजव्या कडेने सुरू करायची. यावरची सगळी डावीकडून. त्या काळात मी फोन केला की तूच उचलायचीस. "आई भरायला बसलीय गं, हात गुंतलेत तिचे." तेव्हा खरं वाटलं. आता वाटतं, पाणी कुठंतरी मुरत होतं. पानं तूच भरलीस, आई बरी आहे असं मला वाटावं म्हणून, असं मी धरून चालले होते.

परवा अभ्रा वर्गातल्या बाईंना दाखवला. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला. म्हणाल्या, "डाव्या हाताचं काम आहे. पण डावखुऱ्या माणसाचं नव्हे हं. या हाताला सवय नव्हती. हे पान बघ, शीर फाकलीय. हे जरा बरं. आणि हे कोपऱ्यातलं? अगं, तुला अजून जमत नाही असं!"

तू डावखुरी नाहीस. माझ्यासाठी डाव्या हातानं शिकत बसशील, एवढा तुला धीर नाही. म्हणजे आईचा उजवा हात गेला होता. आणि मला तू सांगितलंस की तिला काही झालं नव्हतं, झोपेतच गेली. ते कोपऱ्यातलं पान जमेपर्यंत तिला किती महिने लागले असतील? तेवढे महिने मी इथे निर्धास्त होते.

घरी येऊन मी डाव्या हातानं एक पान भरून पाहिलं. कसंबसं भरता येतं. पण एका हातानं सुईत दोरा ओवता येत नाही, ताई. दर वेळी कुणीतरी शेजारी बसून तिला सुई ओवून दिली. मला कळवायचं नाही, हे तिनं ठरवलं की तू? तेवढं विचारायला हे पत्र. तिनं ठरवलं असेल तर मी येईन, तिच्यावर रागावेन आणि तुझ्यापाशी रडेन. तू ठरवलं असशील तर कपाट तूच उघड. उत्तर लिहून पाठव. फोनवर तू सगळं ठीकच सांगतेस.

तुझीच,
धाकटी