हाजीसाहेब उभे राहिले

२ ऑक्टोबर, गुरुवार. मुलतान
भाईजानचा घसा पार बसला. उरूस पंधरा दिवसांवर. आमच्या कव्वालीत पुढे बसून गाणार कोण? तर म्हणे त्यांचा जावई शुजात! आणि मी, सख्खा भाऊ, मागे बसून टाळ्याच वाजवायच्या? तुझी टाळी पक्की आहे तजम्मुल, तिथेच राहा, म्हणे. डोकंच फिरलं. शुजातला कव्वालीपलीकडे येतं काय? मी उरुसाआधी सगळे ढंग शिकणार. सुफी पदांची काफी, दर्ग्यातल्या ढोलावरची धमाल, सिंधी फकिरांचं बायकी आवाजातलं गाणं, सगळं. आजपासून आंबट बंद.

६ ऑक्टोबर, सोमवार
फकिरांचा आवाज लावला. शेजारीण विचारायला आली, बकरी विते आहे का. शमीमनं तिला वर चहा पाजला! बायको आहे की वैरीण?

९ ऑक्टोबर
काफी विरघळून गायची असते. घरात भांडी आपटतात, विरघळणार कसा? तरी आली. धमालीला ढोलवाला बोलावला. तो म्हणे, चाचा, आधी लय धरा. गाढव आहे. दुपारी लोणचं खाल्लं. थोडंसंच.

१६ ऑक्टोबर, गुरुवार. उरूस
शुजातला ताप. झक मारत मलाच पुढे बसवावं लागलं! आणि हाजी बरकतसाहेब उठून उभे राहिले! जन्मभर ज्यांनी कव्वालीला मानसुद्धा हलवली नाही, ते! रीत आहे : माणूस भान हरपून उठला, की तो सावरेपर्यंत तीच ओळ गात राहायची, सगळ्या मैफलीनं त्याच्यासोबत उभं राहायचं. मी ओळ सोडलीच नाही. काफीत घोळवली, धमालीत उडवली, फकिरी आवाजातसुद्धा लावली. हाजीसाहेबांच्या डोळ्यांत पाणी.

१७ ऑक्टोबर
भाईजानना ठणकावलं, पुढची जागा आता माझी. बघू, म्हणे. बघू काय? सगळ्यांनी बघितलं की!

२० ऑक्टोबर, सोमवार
हाजीसाहेब घरी आले. आभार मानायला आले असणार, म्हणून सोहन हलवा पुढे केला. तर म्हणे, बाबा, मी तुझं काय वाकडं केलं होतं? पायात गोळा आला म्हणून उठलो, तर अख्खी मैफल उभी! बसायला दोनदा वाकलो, दोन्ही वेळा तू आवाज चढवलास. कळ मस्तकात गेली रे! भाईजान बसक्या घशानं खो खो हसले. शमीम ओढणीत तोंड खुपसून. मी हलवा उचलून आत नेला.

२३ ऑक्टोबर, गुरुवार
दर्ग्यात मैफल. शुजात पुढे, मी मागे. दुसऱ्याच ओळीला हाजीसाहेब उठले. ओरडणारच होतो, अरे, त्यांचा पाय बघा! पण त्यांना पायाचं भान कुठलं? दाढीवरून पाणी ओघळत होतं. सगळे उठले. शुजातनं ती ओळ साधीच धरली, एकाच ढंगात. टाळी चुकवावी असं एकदा मनात आलं. चुकली नाही. माझेही डोळे भरून आले. रागानं. दुसरं काय असणार!