बोलता येईल इतकंच चालावं

ग्वासिमाल,
१२ ऑगस्ट १९९४, शुक्रवार सकाळ

कोंपाद्रे एलादिओ,

पायांची सूज उतरली असेल अशी आशा आहे. माझी तब्येत उत्तम. इतकी उत्तम की लिहायला लाज वाटते.

माझ्या आर्नोबिओच्या बाप्तिस्म्याला धर्मबाप म्हणून तू त्याला हातांवर धरलंस, तेव्हापासून आपण एकमेकांना 'कोंपाद्रे' म्हणतो. बावीस वर्षांत मी ही हाक मारली नव्हती.

काल तू अंगणात एक प्रश्न विचारलास आणि मी तोंड फिरवून निघून आलो. त्याचंच उत्तर द्यायला बसलोय. पण शाळेत बाईंनी कविता म्हणायला उभं केलं की मी आधी खिडकीबाहेर बघत राहायचो, आठवतं? मग मागच्या बाकावरून तू पहिला शब्द पुटपुटायचास. आज पुटपुटणारं कोणी नाही. तेव्हा आधी इकडचं तिकडचं सांगतो.

बारा वर्षं तुरुंगात आणि दहा वर्षं बंदरावर काढून तू गावी परतलास, हे कळलं त्याच दिवशी मी उसाच्या बांधावर छाती धरून कोसळलो. दवाखान्यातली नर्स दियोसेलिना घरी आली. माझ्या ताटात डोकावून म्हणाली, "आजोबा, मीठ टाकताय की पेरताय?"

चिरूट बंद. तळलेलं डुकराचं मांस बंद. उसाची दारू बंद.

"मग जगायचं कशासाठी, पोरी?"

"ते तुम्ही शोधा. मी फक्त जगवते."

शोधायची गरज नव्हती. मी तिचं अक्षर न् अक्षर पाळलं. उकडलेली केळी, नदीतले मासे, घेवडा, सगळं अळणी. नऊच्या आत झोप. आणि पहाटे चालणं. "बोलता येईल इतक्या वेगानं चाला," ती म्हणाली, "गाता येईल इतकं हळू नको." म्हणून मी शाळेतली ती नदीची कविता म्हणत चालायचो. पात्यांवर दव, लांब साखर कारखान्याचा धूर, आणि मधूनच मी पुन्हा दहा वर्षांचा, शेजारी तू अनवाणी. त्या क्षणी बरं वाटायचं. म्हणून तुझा राग आणखीच यायचा.

संध्याकाळी छातीचे दुखणेकरी जमतात. त्यांना मी वस्तादांनी आपल्याला शिकवलेला कोयत्याचा खेळ काठीनं शिकवतो. म्हातारी बेनिल्दा परवा म्हणते, "लिसिमाको, असाच फुलत राहिलास तर लग्न करशील मेल्या!"

"लग्न नाही. दुसरं एक काम आहे."

ते काम म्हणजे तू.

माझ्या दारापासून तुझ्या फाटकापर्यंत अर्ध्या तासाची वाट. नऊ महिने मी रोज थोडं थोडं पुढे येत गेलो. चालताना मनात तुला कापायचो. आधी उजवं मनगट, म्हणजे वार अडवता येणार नाही. मग गुडघा. मग मान, कानापासून खाली, जशी तू माझ्या पोराची उघडलीस तशी. मी धावत पोचलो तेव्हा तो दोन्ही हातांनी ती मिटवायला बघत होता. मी शर्ट काढून कोंबला, शर्ट भरून वाहायला लागला. आणि तू कोयता धरून उभा, मेलेल्या पोराला सांगत होतास, "थांब म्हटलं होतं ना! तीनदा म्हटलं होतं!"

काल आलो तेव्हा तू घमेल्यात पाय सोडून बसला होतास. म्हणालास, "उशीर केलास, कोंपाद्रे. कॉफी गार झाली." मी पोत्यातून कोयता काढला. तू भिंतीला टेकवलेल्या काठीकडे पाहिलंस, आणि पायानं तिला लांब लोटलंस.

"उठायला वेळ लागतो मला. बसूनच चालेल?"

मी वार केला. तो तुझ्या कानावरून खांबात का गेला, हे तुला ठाऊक नाही आणि मलाही नाही. मनगट आपोआप वळलं. लाथा घालून पातं सोडवलं आणि तुझ्या केळीवर तुटून पडलो. बुंध्यामागून बुंधा. कच्चे घड चिखलात, चीक डोळ्यांत, तोंडात. जनावरासारखा ओरडत होतो. आणि छातीत साधी कळसुद्धा आली नाही, कोंपाद्रे. पोरीनं काम चोख केलंय.

तेव्हा तू मागून विचारलंस, "एवढंच सांग. पोरगं माझ्या अंगावर का आलं? घरातून निघताना काही बोललं होतं का?"

कोयता हातातून गळाला.

आर्नोबिओ काही बोलला नव्हता. मी बोललो होतो.

त्या रविवारी खेळताना तू कोयत्याच्या टोकानं माझी टोपी उडवलीस. सगळं गाव हसलं. मीही हसलो. घरी आलो तर तो भात खात होता. मी ताट लाथाडलं. "तुझ्या बापाची अब्रू गेली आणि तू गिळतोयस?"

"बाबा, ते माझे धर्मबाप आहेत. सकाळी जाऊन बोलतो त्यांच्याशी."

मी त्याच्या मुस्काटात मारली. ओठ फुटला त्याचा. माझा कोयता त्याच्या हातात कोंबला. "त्याचं रक्त लागल्याशिवाय हा घरात आणायचा नाही." तो रडत गेला. वीस वर्षांचा पोरगा, रडत गेला.

कोर्टात मी सांगितलं की तो घरातून निघाला तेव्हा मी झोपलो होतो, आणि धर्मबापानं पोराला विनाकारण कापलं. तुझी बारा वर्षं त्या माझ्या झोपेची.

पत्र दियोसेलिना आणून देईल. तिला वाचून दाखव, चर्चच्या पायरीवर उभा राहून गावाला वाचून दाखव, मी नाही म्हणणार नाही. माझा कोयता तुझ्या केळीत पडलाय, तो राहू दे तिथेच. आणि मीठ सोड. चिरूट सोड. रोज फाटकाबाहेर चार पावलं टाक, मग आठ. ती पोरगी सांगेल तसं वाग. आपल्यासारख्यांनाही ती पायावर उभं करते. माझ्या दारापर्यंत येण्याइतकं बळ आलं की ये. दाराला कडी नसेल. हातात काय घेऊन यायचं ते तू ठरव.

आर्नोबिओला तुझ्याकडे पाठवणारा,
लिसिमाको बालांता