जयपूर बघितलं होतं

१२ डिसेंबर १९८५
परीक्षेत पुन्हा नापास. तिसऱ्यांदा. ही परीक्षा पास झालं की विमान सोडायच्या कागदावर सही करता येते. तोपर्यंत मी कागद नुसता लिहायचा. खाली सही आमच्या वरिष्ठ भाऊरावांची, मग कॅप्टनची. म्हणजे बघायला गेलं तर विमान मीच उडवतो. परीक्षकाला पुस्तक पाठ, अनुभव शून्य.
उद्यापासून पहाटे पाचला उठून रोज दहा पानं.

१३ डिसेंबर, पहाटे ५.२०
उठलो. नीला म्हणाली, दिवा लावू नका, शुभा जागी होईल. अंधारात वाचून डोळे गेले तर बायको-पोरीला कोण बघणार? झोपलो.

२४ डिसेंबर
एकूण सहा पानं. पान ४० वर घोळ आहे. जिथे विमान उतरायचंय तिथे आठशे मीटरपर्यंतचं दिसलं तरी चालतं. आणि तिथे नाहीच जमलं तर पर्याय म्हणून जो विमानतळ लिहायचा, तिथे अंदाज सोळाशेचा हवा! नवरीपेक्षा करवलीचाच तोरा. समासात लिहून ठेवलं: छपाईची चूक.
भाऊरावांना विचारणार होतो. पण ते मला अजून शिकाऊ समजतात.

४ जानेवारी १९८६
सकाळचं दिल्लीचं विमान. दिल्लीत धुकं. अशा वेळी भाऊराव पर्याय म्हणून अहमदाबाद लिहायला लावतात. पण लांबचा पर्याय म्हणजे इंधन जास्त, मग सामान उतरवा, मग सामानवाल्यांची बोंबाबोंब. मी जयपूर लिहिलं. तिथला अंदाज बाराशे मीटर. आठशे लागतात तिथे बाराशे म्हणजे चैन.
भाऊराव फोनवर अडकले होते. रिसिव्हर मानेत धरून त्यांनी विचारलं, "जयपूर बघितलंस ना रे?" म्हटलं, बघितलं. त्यांनी सही केली. ती सही बघून कॅप्टन चंद्रप्रकाशांनीही केली.

संध्याकाळी
दिल्ली बंद. विमान जयपूरला गेलं तर तिथेही धुकं उतरलेलं. पहिल्या खेपेला धावपट्टी दिसलीच नाही. दुसऱ्या खेपेला उतरलं. टाकीत वीस मिनिटांचं इंधन उरलं होतं. त्र्याण्णव माणसं.
उतरलं, म्हणजे माझा हिशोब बरोबरच होता. अक्षर वाकडं येतंय. थंडी असेल. नीलाने मात्र पंखा लावलाय.

८ जानेवारी
उद्या चौकशी. सगळं खरं सांगायचं. ठरलं.

९ जानेवारी
भाऊरावच आधी बोलले, "सही माझी आहे, साहेब. बघायला मी हवं होतं." वडीलधाऱ्या माणसाला मध्येच तोडणं बरं दिसलं नसतं. मला विचारलं तेव्हा म्हणालो, मी फक्त लिहितो. यात खोटं काही नाही.

१३ जानेवारी
भाऊरावांना सहीच्या टेबलावरून काढून खाली फायलींच्या खोलीत बसवलं. रिटायर व्हायला चार महिने. एकतीस वर्षांत एक ठपका नव्हता. जिन्यात भेटले, तर शुभाची चौकशी केली. वाईट वाटलं. फारच वाईट वाटलं. रविवारी विक्रोळीला त्यांच्या घरी जाऊन सगळं बोलून टाकतो.

१९ जानेवारी, रविवार
शुभाला सर्दी. पुढच्या रविवारी.

२६ जानेवारी, रविवार
सोसायटीत झेंडावंदन. राष्ट्रीय सणाला असले विषय नकोत.

२ फेब्रुवारी, रविवार
आता इतक्या उशिरा गेलो तर त्यांनाच अवघडल्यासारखं होईल.

२७ फेब्रुवारी
पास! चौकशीनंतर पुस्तक तीनदा वाचलं होतं. पान ४० वरची छपाई बरोबर आहे. सोमवारपासून सही माझी. ते प्रकरण मिटलं, कोणाला काही कळलंही नाही.

३ मार्च, सोमवार
पहिली सही. दिल्लीचंच विमान. कागद स्वतः लिहिला, चारदा तपासला, झोकात सही केली. कॅप्टन चंद्रप्रकाशांनी तो हातात घेतला आणि थांबले. म्हणाले, "हे अक्षर ओळखतो मी. जयपूरवर घिरट्या घालत होतो तेव्हा मांडीवर हेच होतं."
मग पेन खिशात परत ठेवलं आणि कागद घेऊन खाली फायलींच्या खोलीत गेले. मी मागोमाग. भाऊरावांनी चष्मा लावून ओळन् ओळ वाचली, म्हणाले, ठीक आहे. तेव्हा कुठे कॅप्टनने सही केली.
चौकशीच्या दिवशी साहेबांसमोर माझ्या हातचा तो जयपूरचाच कागद होता. सगळ्यांनी बघितला होता. भाऊरावांनी मला बसायला खुर्ची पुढे केली. मला बसवेना.
विमान बारा मिनिटं उशिरा सुटलं. रजिस्टरमध्ये उशिराचं कारण मलाच लिहायचं होतं. हवामान, असं लिहिलं. दिल्लीपर्यंत आभाळ निरभ्र होतं.